विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच नेटवर्कवर: सामायिक फोल्डर कसा बसवावा

समजा, एका लहान प्रकाशन-कार्यालयात दिवाळी अंकाचे काम चालले आहे. लेखांचे टंकलेखन आणि जाहिरातींचे हिशेब विंडोजच्या दोन संगणकांवर होतात, पानांची मांडणी मॅकवर होते, आणि एका जुन्या संगणकावर विंडोज नीट चालेनासे झाल्यामुळे उबुंटू लिनक्स बसवलेले आहे. चारही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत, तरीही फाइली पेनड्राइव्हवरून, ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवरून फिरतात. परिणामी एकाच लेखाच्या तीन प्रती तीन ठिकाणी, वेगवेगळ्या दुरुस्त्यांसह पडून राहतात आणि छपाईला कोणती प्रत गेली हे अंक हातात आल्यावर कळते. या कार्यालयाला एका सामायिक फोल्डरची गरज आहे, आणि तो बसवण्यासाठी नवे यंत्र किंवा मासिक वर्गणी लागत नाही.

हे काम तंत्रापेक्षा क्रमामुळे अवघड वाटते. बहुतेक जण आधी फोल्डर शेअर करतात, मग तो दुसऱ्या संगणकावर दिसत नाही म्हणून सेटिंग्ज बदलू लागतात आणि शेवटी सगळ्यांना सगळे खुले करून टाकतात. त्याऐवजी आधी पत्ता, मग खाते आणि शेवटी फोल्डर या क्रमाने गेल्यास कोणत्या पायरीवर काय अडले ते लगेच कळते. त्यातही खात्याची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या बाबतीत ज्याला आपण ‘नेटवर्कचा बिघाड’ समजतो, तो अनेकदा कोण आत येत आहे हे दुसऱ्या संगणकाला न कळण्याचा प्रश्न असतो.

आज्ञा, सेटिंग आणि पत्ते येथे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर टंकताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकावेत.

प्रोटोकॉल कोणता निवडावा

प्रोटोकॉल म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत. फाइली वाटून घेण्यासाठी तिन्ही प्रणालींमध्ये आधीपासून चालणारा प्रोटोकॉल म्हणजे एसएमबी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी तयार केला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी तो वाढवत नेला. लिनक्सला तो मिळाला ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील अँड्र्यू ट्रिजेल यांच्यामुळे. १९९१-९२ च्या सुमारास त्यांनी नेटवर्कवरून जाणारे संदेश न्याहाळून त्यांना तसेच उत्तर देणारा सर्व्हर लिहिला, आणि त्यातून आजचा ‘सांबा’ वाढला. ॲपलने आपला जुना एएफपी प्रोटोकॉल बाजूला ठेवून २०१३ मध्ये, मॅव्हरिक्स आवृत्तीपासून, एसएमबीची दुसरी आवृत्ती मुख्य मानली. एनएफएस हा फाइली वाटण्याचा दुसरा प्रोटोकॉल लिनक्स-लिनक्समध्ये उत्तम आहे, पण विंडोजचे संगणक असलेल्या कार्यालयात त्याचा आग्रह धरू नये.

एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र पूर्णपणे टाळावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजमधील याच आवृत्तीच्या अंमलबजावणीतील दोषाचा फायदा घेऊन. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ती येईनाशी झाली आणि सांबानेही २०१९ मध्ये, ४.११ या आवृत्तीत, ती मुळातूनच बंद ठेवली. तरीही जुन्या मार्गदर्शक लेखांत आणि व्हिडिओंत ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ सुरू करा’ असा सल्ला अजून सापडतो. त्याने जुना प्रिंटर किंवा जुनी नेटवर्क-डिस्क दिसू लागेलही, पण त्या सोयीसाठी सर्व संगणकांवरचे काम धोक्यात घालणे योग्य नाही.

यजमान संगणक आणि त्याचा पत्ता

चार संगणकांवर चार सामायिक फोल्डर ठेवण्यापेक्षा एकच संगणक यजमान ठरवावा आणि सर्व सामायिक फाइली त्यावर ठेवाव्यात. आपल्या उदाहरणात तो मान उबुंटूच्या जुन्या संगणकाला द्यावा असे माझे मत आहे. फाइली पुरवण्याच्या कामाला फारशी ताकद लागत नाही, त्यावर दुसरे कोणी बसत नसल्यामुळे तो मध्येच बंद केला जात नाही आणि परवानग्यांवर नेमके नियंत्रण तेथेच सर्वांत स्वच्छपणे ठेवता येते. या संगणकाला यूपीएस असावा, त्याचे आपोआप झोपी जाणे बंद करावे आणि वीज गेल्यानंतर परत येताच तो स्वतः सुरू होईल अशी सोय बायोसमध्ये असल्यास ती चालू करावी. डिस्क जुनी असेल तर फक्त तेवढी नवी घ्यावी.

राउटर प्रत्येक संगणकाला जो आयपी पत्ता देतो तो काही दिवसांनी बदलू शकतो, म्हणून राउटरच्या व्यवस्थापन-पानावर जाऊन यजमानाचा पत्ता राखून ठेवावा. ही सोय बहुधा डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाने असते. पुढील विवेचनात हा पत्ता १९२.१६८.१.२० आहे असे धरले आहे. सर्व संगणक एकाच जाळ्यात आहेत हेही येथेच तपासावे. पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वाय-फायला जोडलेला लॅपटॉप इंटरनेट वापरू शकतो, पण तो यजमानापर्यंत पोचत नाही, कारण ते जाळे मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. काही राउटर तर एकाच वाय-फायवरील उपकरणांनाही एकमेकांपासून अलग ठेवतात. तशी सेटिंग असल्यास ती बंद करावी.

यजमान शक्यतो केबलने जोडावा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट वेग मिळतो, तर १०० मेगाबिटच्या जोडणीवर जेमतेम ११-१२. राउटर गिगाबिटचा असूनही वेग १०० मेगाबिटवर अडकला असेल तर केबलची टोके पाहावीत: आतल्या चार जोड्यांपैकी दोनच जोडलेल्या असल्या की असे होते, आणि मांडणीच्या मोठ्या फाइलींच्या वेळी तो फरक चांगलाच जाणवतो.

खाती आधी, फोल्डर नंतर

घरगुती किंवा लहान कार्यालयाच्या जाळ्यात प्रत्येक संगणक आपल्या वापरकर्त्यांची यादी स्वतःजवळ ठेवतो. मॅकवर बसलेली व्यक्ती मॅकला माहीत असते. उबुंटूला ती माहीत असण्याचे काहीही कारण नाही. म्हणून यजमानावर प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड तयार करावा आणि तीच नावे व पासवर्ड इतर संगणकांवरून जोडणी करताना वापरावेत. सर्वांसाठी एकच ‘ऑफिस’ नावाचे खाते ठेवणे सोपे वाटते, पण मग एखादी फाइल कोणी बदलली हे शोधता येत नाही आणि एक जण नोकरी सोडून गेला की सर्वांचा पासवर्ड बदलावा लागतो.

पासवर्डशिवाय, म्हणजे ‘गेस्ट’ म्हणून, सर्वांना आत घेण्याचा मार्ग आता व्यवहारातही बंद होत आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो आणि त्यावरील प्रकारांसाठी एसएमबीच्या प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही आवश्यक केली आहे. ही सही करण्याची किल्ली पासवर्डवर झालेल्या ओळखीतून तयार होते. पाहुण्याकडे पासवर्डच नसल्याने त्याची सही होऊ शकत नाही. काल चालणारा खुला फोल्डर विंडोज अद्ययावत झाल्यावर अचानक उघडेनासा होतो त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. अशा वेळी विंडोजची सुरक्षा सैल करण्याऐवजी यजमानावर खाती तयार करणे हाच खरा उपाय आहे.

उबुंटूवर सांबा बसवणे

टर्मिनल उघडून एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेच्या साहाय्याने ‘सांबा’ हे पॅकेज बसवावे. त्यानंतर प्रत्येक व्यक्तीसाठी लिनक्सचे खाते तयार करावे. या व्यक्तींनी त्या संगणकावर प्रत्यक्ष बसून काम करायचे नसेल तर खात्याचा शेल (लॉगिन झाल्यावर सुरू होणारा कार्यक्रम) ‘नोलॉगिन’ ठेवावा. फाइली वापरण्यास त्याने अडथळा येत नाही. मग ‘संपादन’ अशा अर्थाचा एक गट तयार करून या सर्व खात्यांना त्यात घालावे.

लिनक्सचे खाते तयार झाले म्हणजे सांबाचे खाते तयार झाले असे नाही, ही गोष्ट नवख्या माणसाला हमखास अडवते. एसएमबीची ओळख पटवण्याची पद्धत पासवर्डचे विशिष्ट प्रकारे केलेले रूपांतर मागते आणि लिनक्स ते आपल्या नेहमीच्या यादीत ठेवत नाही. म्हणून ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ ही आज्ञा उणे-ए या पर्यायासह प्रत्येक नावासाठी चालवून सांबाचा पासवर्ड स्वतंत्रपणे द्यावा लागतो. पुढे कोणी लिनक्सचा पासवर्ड बदलला तरी सांबाचा जुनाच राहतो, हेही लक्षात ठेवावे.

सामायिक फोल्डर कोणाच्याही होम डिरेक्टरीत, म्हणजे त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात, ठेवू नये. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नवीन होम डिरेक्टरी इतरांसाठी पूर्ण बंद ठेवल्या आहेत. त्यामुळे आतल्या फोल्डरला कितीही परवानग्या दिल्या तरी बाहेरच्या दाराशीच अडवणूक होते. ‘एसआरव्ही’ या मूळ डिरेक्टरीखाली ‘अंक’ नावाचा फोल्डर करावा, त्याची मालकी ‘संपादन’ गटाकडे द्यावी आणि परवानगी २७७० ठेवावी. यातील ७७० म्हणजे मालकाला आणि गटाला पूर्ण अधिकार, इतरांना काहीही नाही. पहिल्या २ चा अर्थ असा की या फोल्डरात जी नवी फाइल तयार होईल तिचा गटही आपोआप ‘संपादन’ हाच राहील. हा आकडा विसरल्यास एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, अशी तक्रार दोन दिवसांत सुरू होते.

आता ‘ईटीसी’मधील सांबाच्या फोल्डरात असलेली ‘एसएमबी डॉट कॉन्फ’ ही फाइल संपादनासाठी उघडावी, पण त्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवावी. शेवटी चौकटी कंसात ‘अंक’ हे शेअरचे नाव देऊन एक नवा भाग सुरू करावा. त्यात ‘पाथ’पुढे फोल्डरचा मार्ग, ‘रीड ओन्ली’पुढे ‘नो’ आणि ‘व्हॅलिड युजर्स’पुढे @ चिन्हासह गटाचे नाव लिहावे. ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७० ठेवावा, आणि गटाला लिहिण्याचा अधिकार नक्की मिळावा म्हणून ‘फोर्स क्रिएट मोड’ ०६६० व ‘फोर्स डिरेक्टरी मोड’ २७७० याही ओळी घालाव्यात.

वरच्या ‘ग्लोबल’ भागात दोन बदल करण्यासारखे आहेत. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये ‘मॅप टू गेस्ट’ या ओळीपुढे ‘बॅड युजर’ असे असते. म्हणजे युजरनेम चुकीचे असले की सांबा त्या व्यक्तीला पाहुणा समजतो. मग पासवर्ड न विचारताच ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश येतो आणि कारण कळत नाही. तेथे ‘नेव्हर’ लिहावे. दुसरा बदल मॅकसाठी: ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’पुढे ‘कॅटिया’, ‘फ्रूट’ आणि ‘स्ट्रीम्स एक्सॲटर’ ही तीन नावे याच क्रमाने द्यावीत आणि ‘फ्रूट:मेटाडेटा’पुढे ‘स्ट्रीम’ लिहावे. मॅक प्रत्येक फाइलबरोबर जी जादा माहिती ठेवतो ती त्यामुळे टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलींत न जाता मूळ फाइलसोबतच राहते.

फाइल साठवल्यावर ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा चालवावी. टंकनाची चूक असल्यास ती येथेच सापडते. त्यानंतर ‘एसएमबीडी’ ही सेवा पुन्हा सुरू करावी. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू असेल तर ‘सांबा’ या तयार नियमाला परवानगी द्यावी, आणि तीही शक्यतो फक्त १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपुरती. यजमानावर उबुंटूऐवजी फेडोरा लिनक्स असेल तर त्याच्या फायरवॉल-डीमध्ये तशीच परवानगी द्यावी लागते आणि शिवाय एसई-लिनक्स या सुरक्षा-यंत्रणेला हा फोल्डर सांबासाठी आहे हे लेबल लावून सांगावे लागते. ते न केल्यास बाकी सर्व बरोबर असूनही फोल्डर रिकामा दिसतो किंवा उघडत नाही.

विंडोजवरून जोडणी

सर्वप्रथम नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ही जोडणी ‘प्रायव्हेट’ प्रकारची आहे याची खात्री करावी. मग फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या जागी \\१९२.१६८.१.२०\अंक असा पत्ता टाकून एंटर दाबावे. डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत यजमान दिसण्याची वाट पाहू नये. ती यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या वेगळ्या यंत्रणेवर चालते आणि सांबा तिला स्वतः उत्तर देत नाही. यजमान यादीत हवाच असेल तर उबुंटूवर ‘डब्ल्यूएसडीडी’ हे पॅकेज बसवावे. मात्र यादीत न दिसणे आणि जोडणी न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे फार वेळ वाया जातो.

युजरनेम आणि पासवर्ड विचारल्यावर यजमानावर तयार केलेले नाव व सांबाचा पासवर्ड द्यावा. विंडोजचा पिन येथे चालत नाही. ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ वापरून या फोल्डरला एखादे ड्राइव्ह-अक्षर दिले आणि ‘साइन-इन करताना पुन्हा जोडा’ ही खूण केली की तो रोज आपोआप उपलब्ध होतो.

विंडोज एका वेळी एकाच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी करू देत नाही, त्यामुळे आधी चुकीच्या नावाने जोडणी झालेली असेल तर योग्य नाव देऊनही ती नाकारली जाते. अशा वेळी ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन त्या पत्त्याची जुनी नोंद काढावी, विंडोजमधून साइन-आउट होऊन पुन्हा आत यावे आणि मग प्रयत्न करावा.

मॅकवरून आणि दुसऱ्या लिनक्सवरून

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के या कळा एकत्र दाबल्या की सर्व्हरचा पत्ता विचारणारी खिडकी उघडते. तेथे ‘एसएमबी’ ही अक्षरे, त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह, दोन तिरक्या रेघा आणि आयपी पत्ता असे टाकावे, ‘रजिस्टर्ड युजर’ निवडावे आणि पासवर्ड किचेनमध्ये साठवावा. अधिकचे चिन्ह दाबून हा पत्ता आवडत्या यादीत ठेवता येतो. लॉगिन होताच फोल्डर उघडावा असे वाटत असेल तर जोडलेला फोल्डर ‘लॉगिन आयटम्स’मध्ये घालावा.

लिनक्सच्या दुसऱ्या संगणकावर फाइल-व्यवस्थापकात कंट्रोल आणि एल दाबून तोच पत्ता टाकला की रोजचे काम भागते. फोल्डर कायमचा जोडायचा असेल तर ‘सीआयएफएस-युटिल्स’ हे पॅकेज बसवून ‘एफएसटॅब’ या, सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये नोंद करावी. त्या नोंदीत पासवर्ड उघडा लिहू नये. तो फक्त रूटला (लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याला) वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘क्रेडेन्शियल्स’ या पर्यायाने तिचा मार्ग द्यावा. ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’ (वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक) दिले नाहीत तर सर्व फाइली रूटच्या मालकीच्या दिसतात, आणि ‘नोफेल’ दिले नाही तर यजमान बंद असताना हा संगणकही सुरू होताना अडून बसतो.

यजमान विंडोज किंवा मॅक असेल तर

प्रत्येकाकडे जादा संगणक असतोच असे नाही. विंडोजला यजमान करताना त्यावर फक्त या कामासाठी एक स्थानिक खाते तयार करावे, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करणाऱ्यांना नेटवर्कवर नाव म्हणून पूर्ण ई-मेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि पिनने रोज आत जाणाऱ्याला तो पासवर्ड आठवत नसतो. स्थानिक खात्याला पासवर्ड असलाच पाहिजे. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही.

विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात: फोल्डरच्या ‘शेअरिंग’मधला एक आणि ‘सिक्युरिटी’मधला दुसरा. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असला तरी आतल्या खोलीला कुलूप असेल तर पाहुणा ओसरीवरच थांबतो, तसे या दोहोंपैकी जो थर अधिक कडक असेल तोच शेवटी लागू होतो. म्हणून दोन्हीकडे त्या स्थानिक खात्याला बदल करण्याचा अधिकार द्यावा आणि ‘एव्हरीवन’ला मुळीच देऊ नये.

मॅकवर ‘जनरल’खालील ‘शेअरिंग’मध्ये फाइल शेअरिंग सुरू करून फोल्डर आणि व्यक्ती निवडाव्यात. त्यानंतर ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘विंडोज फाइल शेअरिंग’ या भागात संबंधित खात्यापुढे खूण करून त्याचा पासवर्ड द्यावा. सांबाला वेगळा पासवर्ड का लागतो याचे जे कारण वर दिले आहे, तेच येथेही आहे. ही खूण राहिली की पासवर्ड बरोबर असूनही विंडोज तो पुन्हा पुन्हा विचारत राहते.

मराठी फाइलनावांची काळजी

एसएमबी फाइलनावे युनिकोडमध्ये पाठवते, त्यामुळे देवनागरी नावे तिन्ही प्रणालींवर वाचता येतात. तरीही मराठीत काम करणाऱ्यांनी काही बाबी जाणून घ्यायलाच हव्यात, कारण इंग्रजीतील मार्गदर्शनात त्यांचा उल्लेख सहसा नसतो.

पहिली बाब नावाच्या लांबीची. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्क-रचनेवर एका नावात २५५ युनिकोड एकके मावतात, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ या रचनेवर २५५ बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेते, म्हणजे लिनक्सवर एका नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे बसतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सारे वेगळे मोजले जाते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्यांना चार-पाच अक्षरांचा वाटला तरी त्यात ११ चिन्हे आणि ३३ बाइट आहेत. लेखाचे पूर्ण शीर्षक आणि लेखकाचे नाव फाइलला देण्याची सवय असेल तर विंडोजवर साठलेली फाइल यजमानावर जाताना नाकारली जाते, आणि संदेशातून नेमके कारण क्वचितच उमगते.

दुसरी बाब दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या असलेल्या नावांची. ‘दुसऱ्या’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टंकला जातो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. तसेच ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणूनही टंकता येते आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. त्यामुळे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली असल्याचा भास होतो किंवा समोर दिसणारी फाइल शोधल्यावर सापडत नाही. २०१७ पूर्वीच्या मॅकवर वापरात असलेली एचएफएस प्लस ही रचना तर ऱ हे चिन्ह स्वतःच र आणि नुक्ता असे सुटे करून ठेवत असे, म्हणून तशा डिस्कवरून आणलेल्या जुन्या फाइलींतही हा फरक आढळतो. कार्यालयातील सर्व संगणकांवर एकाच पद्धतीचा, शक्यतो इनस्क्रिप्ट, कळफलक ठेवणे हा यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे.

तिसरी बाब चिन्हांची. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ, दोन टिंबांचे चिन्ह, कोनी कंस आणि दोन्ही प्रकारच्या तिरक्या रेघा चालत नाहीत. लिनक्सला यांतील बहुतेक चालतात. ‘मराठी शाळा टिकतील का?’ हे शीर्षक लिनक्सवर जसेच्या तसे दिले तर विंडोजवर ती फाइल एखाद्या निरर्थक, लहान केलेल्या नावाने दिसते. मॅकचा फाइंडर तारखेतली तिरकी रेघ स्वीकारतो, पण इतरत्र ती अडचणीची ठरते, म्हणून तारीख २०२५-०८-१५ अशी लिहावी. शेअरचे, खात्यांचे आणि संगणकाचे नाव मात्र रोमनमध्ये, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे.

फाइल उघडून आतला मजकूर अनाकलनीय दिसत असेल तर त्याचा दोष शेअरिंगला देऊ नये. जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर तोच फॉण्ट असलेल्या संगणकावरच वाचता येतो. सामायिक फोल्डर त्यात बदल करत नाही.

एकाच फाइलवर दोघे

वर्ड, लिबरऑफिस आणि इनडिझाइन हे तिघेही फाइल उघडी असताना तिच्याशेजारी एक छोटी कुलूप-फाइल तयार करतात आणि दुसऱ्याला इशारा देतात. संगणक अचानक बंद पडला तर ती मागे राहते आणि कोणीही काम करत नसताना ‘फाइल वापरात आहे’ असे दिसते. खरोखर कोणी उघडलेली नाही याची विचारपूस करूनच ती काढावी. साधे मजकूर-संपादक असा इशारा देत नाहीत, आणि त्यांत शेवटी साठवणाऱ्याचे बदल उरतात, आधीच्याचे पुसले जातात. मांडणीच्या मोठ्या फाइली नेटवर्कवरून थेट न उघडता आपल्या संगणकावर आणून काम करावे आणि दिवसअखेर परत ठेवाव्यात, असे मी सुचवेन. वाय-फाय क्षणभर तुटले तरी मग फाइल बिघडत नाही.

जोडणी होत नसेल तर

तपासणी खालून वर करावी. आधी यजमानाच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तो उत्तर देतो का हे ‘पिंग’ आज्ञेने पाहावे, पण विंडोजचा फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देत नाही, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. खरी कसोटी टीसीपीच्या ४४५ या पोर्टची आहे: विंडोजवर पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एनसी’ ही आज्ञा ते पोर्ट उघडे आहे का हे सांगते. ते बंद असेल तर दोष फायरवॉलचा, सेवा सुरू नसल्याचा किंवा वेगळ्या जाळ्याचा आहे, आणि पासवर्डशी खेळत बसण्यात अर्थ नाही. पोर्ट उघडे असेल तर लिनक्सवरून ‘एसएमबीक्लायंट’ने खात्याच्या नावासह शेअरची यादी मागावी. यादी आली नाही तर खाते किंवा पासवर्ड चुकला आहे. यादी आली पण फोल्डर उघडला नाही तर प्रश्न परवानगीचा आहे. फोल्डर उघडतो पण लिहिता येत नाही, अशा वेळी फोल्डरचा गट आणि तो २७७० आकडा पुन्हा पाहावा. आयपी पत्त्याने उघडते पण नावाने उघडत नाही, तर बिघाड केवळ नाव शोधण्याच्या यंत्रणेत आहे आणि आयपीनेच काम चालू ठेवण्यात काहीही गैर नाही.

सांबाच्या नोंदी ‘व्हार’खालील ‘लॉग’मध्ये सांबाच्या फोल्डरात असतात, आणि आलेल्या प्रत्येक संगणकासाठी तेथे वेगळी फाइल तयार होते. एकाच संगणकाची अडचण असेल तर त्याची नोंद वाचणे अंदाज बांधण्यापेक्षा लवकर उत्तर देते.

घरून किंवा परगावाहून हा फोल्डर पाहिजे असेल तर राउटरवर ४४५ हे पोर्ट इंटरनेटसाठी कधीही उघडू नये. अशी उघडी पोर्ट शोधणारे स्वयंचलित कार्यक्रम सतत फिरत असतात. त्यासाठी वायरगार्डसारखा व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित मार्ग) बसवावा आणि त्यातून आत आल्यावर वर दिलेलाच पत्ता वापरावा. शिवाय यजमानावरील फोल्डरची प्रत रोज रात्री एखाद्या बाह्य डिस्कवर घेतली जावी आणि ती डिस्क शेअर केलेली नसावी, कारण कोणत्याही एका संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस त्या संगणकाला जेथे लिहिता येते ते सर्व कूटबद्ध करून टाकतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढून, उघडून पाहावी.